ज्येष्ठतेनुसार ऊन

बडोद्यात, अकोट्यातल्या जगदाळ्यांच्या बंगल्यावर सौर पॅनेले बसवायचे ठरले, तेव्हा सूर्य कुठून उगवतो आणि कुठे मावळतो याची चौकशी कोणी केली नाही. कोण कुठे बसणार, याची मात्र कसून झाली.

त्याला कारण होते. जगदाळ्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, संस्थान गेले, घोडे तर त्याच्याही आधी गेले. पण दसऱ्याला घरचे निशाण पूजताना त्याच्या शेजारी कोणी बसायचे, त्यानंतर कोणी आणि दाराजवळ कोणी, हा क्रम तेवढा शाबूत राहिला. घरातले पुरुष पुढे रिफायनरीत लागले, विम्याच्या कचेरीत लागले, प्रतापसिंहराव तर दातांचे डॉक्टर झाले. पण दसऱ्याच्या सकाळी दातांचे डॉक्टर दाराजवळ चपलांच्या शेजारीच बसत, कारण ते धाकट्या पातीचे. दात कोणाचाही दुखो, पाती ती पाती.

बंगल्यात राहायला पिलाजीराव आणि त्यांच्या पत्नी विजयमालाबाई एवढेच. गच्ची मात्र साऱ्या जगदाळ्यांची. बंगल्याची वाटणी कधी झाली नव्हती, कारण वाटणीच्या बैठकीत आधी कोणी बोलायचे हेच ठरत नव्हते.

सौर यंत्रणा हवी होती ती विजयमालाबाईंना. धाकटी जाऊ राजेश्वरीबाई, म्हणजे दातांच्या डॉक्टरांची बायको, हिला हाताशी घेऊन त्या उन्हाळ्यात आम्रखंडाच्या ऑर्डरी घेत. मागच्या वैशाखात ऐन दुपारी लाइट गेली ती दिवेलागणीला आली, आणि डीप फ्रीजरमधल्या आम्रखंडाचे पन्हे झाले. ज्यांच्या घरी साखरपुडा होता त्यांनी ते पेल्यातून प्यायले, पण पुढच्या कार्याला दुसरीकडे गेले. यंदा प्रतापनगरच्या एका लग्नाची मोठी ऑर्डर चालून आली होती. ती बिघडली असती तर बडोद्यातल्या एकाही मराठी मांडवात विजयमालाबाईंचे नाव पुन्हा निघाले नसते. तेव्हा छतावर पॅनेल, घरात बॅटरी आणि बॅटरीवर फ्रीजर, असे त्यांनी मनाशी पक्के केले होते.

सौर कंपनीकडून उन्मेष नावाचा तरुण आला. त्याने समजावून सांगितले की जुन्या पद्धतीत सगळ्या पॅनेलांना मिळून एकच इन्व्हर्टर असतो, त्यामुळे एकावर सावली पडली की सगळी रांग मंदावते. नव्या पद्धतीत प्रत्येक पॅनेलखाली त्याचा त्याचा छोटा इन्व्हर्टर. एकाचे ऊन दुसऱ्याला बाधत नाही, एकाची सावली दुसऱ्याला भोवत नाही. महाग पडते, पण भांडण नाही.

"म्हणजे चूल वेगळी आणि देवघर एक," पिलाजीराव म्हणाले. त्यांना हे फारच पटले.

उन्मेषने पुढे असेही सांगितले की बाहेरची लाइट गेली की ही पॅनेले भर उन्हातही गप्प बसतात. वरून लाइनचा इशारा आल्याशिवाय त्यांना चालायची मुभा नसते. घरात बॅटरी असेल तर बॅटरी तो इशारा देते, मग ती कामाला लागतात. हे ऐकून पिलाजीरावांच्या चेहऱ्यावर एक हळवा भाव उमटला. ते सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि वरून हुकूम आल्याखेरीज हात हलवायचा नाही, या एका तत्त्वावर त्यांनी सारी नोकरी निष्कलंक पार पाडली होती. काचेच्या तुकड्यात एवढी शिस्त असेल, असे त्यांना वाटले नव्हते.

आता प्रश्न संमतीचा. तो पिलाजीरावांनी एका फटक्यात सोडवला. घरातल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाच्या नावे एक पॅनेल, जावयासकट. पॅनेलावर पितळी पाटी, आणि फोनवरच्या अ‍ॅपमध्येही तेच नाव. सगळ्यांनी आनंदाने संमती दिली. विजयमालाबाईंच्या नावाचे पॅनेल नव्हते. पण फ्रीजर त्यांचा होता, आणि बिघाड झाला तर दोष त्यांचाच राहणार होता.

उन्मेषने सूर्याप्रमाणे आखणी करून आणली. पिलाजीरावांनी ती बाजूला सारून दसऱ्याच्या बैठकीप्रमाणे दुसरी केली. गच्चीवर एका बाजूला जिन्याची खोली आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. मधल्या बोळकांडीत निशाणाची काठी. म्हणजे मानाची जागा तीच. तिथे घरातले सर्वांत ज्येष्ठ, पिलाजीरावांचे चुलते धनाजीराव, म्हणजे आबासाहेब, यांचे पॅनेल. त्यांच्यालगत त्यांचे चिरंजीव मानसिंगराव. मग खुद्द पिलाजीराव. अशी मान उतरत उतरत रांग उघड्यावर येई, आणि अगदी शेवटी, दक्षिणेच्या कठड्यापाशी, आबासाहेबांचे जावई दिग्विजय. जावयाचा मान मोठा खरा, पण तो दाराबाहेरचा. म्हणून त्यांना रांगेपासून हातभर लांब, एकटे बसवले.

"काका, बोळात सकाळी टाकीची सावली येणार, नंतर या खोलीची," उन्मेष म्हणाला. "आबासाहेबांच्या पॅनेलला ऊन मिळेल ते जेवणाच्या टाइमाला जरासं. कठड्यापाशी घ्या ने त्यांना. तिथे दिवसभर ऊन."

"आबासाहेबांना जावयाच्या पलीकडे बसवू?" पिलाजीरावांनी विचारले. "तुमच्यात चालतं का असं?"

उन्मेष रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढला होता. त्यांच्यात क्वार्टर साहेब देईल ती घ्यायची पद्धत होती. तो सांगितले तिथे स्क्रू पिळू लागला.

यंत्रणा सुरू झाली. जाता जाता उन्मेषने अ‍ॅपमध्ये एक सोय चालू करून दिली. रोज सूर्यास्ताला प्रत्येक पॅनेलची कामगिरी आपोआप जगदाळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणार, उतरत्या क्रमाने. सगळ्यांना आपापले कौतुक बघायला मिळावे, हा त्याचा चांगला हेतू होता. घराण्यांचे नुकसान बहुधा चांगल्या हेतूनेच होते.

पहिल्याच संध्याकाळी ग्रुपवर आले: दिग्विजय प्रथम. मग दातांचे डॉक्टर. मग बाकीचे. आणि सर्वांत खाली, लाल रंगात, "धनाजीराव – अपेक्षेपेक्षा कमी. तपासणी आवश्यक."

लहरीपुऱ्यात, जिथे आबासाहेब आणि मानसिंगराव राहत, त्या घरात त्या रात्री कोणी नीट जेवले नाही. आयुष्यभर कोणी ज्यांची तपासणी केली नव्हती, त्यांची एक अ‍ॅप तपासणी मागत होते, आणि तेही जावयासमोर. दिग्विजयने ग्रुपवर हात जोडल्याचे चित्र टाकले. त्याचा अर्थ नम्रपणा होता की आणखी काही, यावर दोन दिवस चर्चा झाली.

उन्मेषला बोलावणे गेले. त्याने आबासाहेबांच्या पॅनेलखालचा इन्व्हर्टर पाहिला, त्याचा हिरवा दिवा पाहिला, वायर उपसून पुन्हा खोचली, आणि निर्वाळा दिला की मशीनमध्ये काही वांधा नाही, वांधा जागेत आहे. हे पिलाजीरावांनी ग्रुपवर कळवताना थोडे मराठीत आणले: "तज्ज्ञांच्या मते आबासाहेब पूर्णपणे निर्दोष असून परिस्थिती प्रतिकूल आहे." त्यावर सहा अंगठे आले. पण संध्याकाळी लाल ओळही आली.

मग पिलाजीरावांनी कचेरीतला उपाय केला. काम बदलता येत नसेल तर नावे बदलावीत. अ‍ॅपमध्ये त्यांनी कठड्यापाशच्या पॅनेलला "धनाजीराव" म्हटले आणि बोळातल्याला "दिग्विजय". पितळी पाट्या होत्या तिथेच राहिल्या. त्या संध्याकाळी आबासाहेब प्रथम आले. लहरीपुऱ्यातून पेढे आले. विजयमालाबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अहो, हे कळेल कुणाला तरी."

"पेढे खाल्ल्यावर कोण विचारतं?" पिलाजीराव म्हणाले.

विचारले मानसिंगरावांनी. ते स्वभावाने संशयी होते आणि विम्याच्या कचेरीत दावे नाकारण्याचे काम करत. एका रविवारी ते भेटायला म्हणून आले, गच्चीवर गेले, आणि वडिलांच्या नावाची पितळी पाटी असलेल्या पॅनेलवर त्यांनी आपल्याबरोबर आणलेली सोलापुरी चादर अंथरली. मग हातातल्या फोनकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळाने फोनवर धनाजीराव जोरात चालू होते आणि दिग्विजय झोपले होते.

"पिलाजी," ते वरूनच म्हणाले, "आमचे वडील चादरीखाली जास्त काम करतात का रे?"

यंत्रणेतला दोष शोधण्याची ही पद्धत अचूक होती. उन्मेषनेही पुढे कबूल केले की त्यांच्या कंपनीत असेच शिकवतात. पण कंपनीत शिकवतात ते पॅनेल ओळखण्यासाठी, भाऊ ओळखण्यासाठी नव्हे.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. आबासाहेब रागावले नव्हते, ही खरी चिंतेची बाब होती. त्यांनी शांतपणे सांगितले की त्यांना पहिला नंबर नको. खोटा तर नकोच. त्यांचे जेवढे होईल तेवढे होऊ दे. फक्त कुळाची रीत अशी की वडील माणूस उठल्याखेरीज धाकट्यांनी पानावरून उठायचे नाही. बाकी ज्याचे त्याने समजून घ्यावे.

ज्याने त्याने समजून घेतले. अ‍ॅपमधली नावे पुन्हा पाट्यांप्रमाणे झाली. सर्वानुमते ठरले की कोणत्याही पॅनेलने ज्येष्ठांच्या पॅनेलापेक्षा अधिक उत्पादन करू नये. मानसिंगरावांची चादर कामी आलीच होती. तशाच आणखी चादरी मागवल्या. रोज सकाळी पिलाजीराव चहा घेऊन गच्चीवर जात, फोनवर आबासाहेबांचा आकडा बघत आणि जो पुढे जाईल त्याच्यावर चादर ओढत. डॉक्टरांवर अर्धी, दिग्विजयवर पूर्ण आणि वर एक कुंडी.

सगळी पॅनेले आता बोळातल्या पॅनेलाच्या चालीने चालू लागली. एकाच्या सावलीने सगळी रांग मंदावू नये म्हणून जास्तीची किंमत देऊन आणलेली यंत्रणा, घरातल्यांच्या अथक परिश्रमाने, एकाच्या सावलीने मंदावू लागली. विजयमालाबाईंनी हे एकदा बोलून दाखवले.

"तसं नाही," पिलाजीराव म्हणाले. "त्यात नाइलाज होता. यात आदर आहे."

संध्याकाळच्या ओळी आता सगळ्या सारख्या येत. लाल रंग गेला. ग्रुपवर शुभेच्छांचे आणि सुविचारांचे संदेश पुन्हा सुरू झाले. घराण्यात एवढी शांतता नांदल्याचे कोणाला आठवत नव्हते. बॅटरी मात्र कधी निम्म्याच्या वर भरत नव्हती, कारण ती फक्त उन्हावर भरेल अशीच मांडणी होती. पण बॅटरी ग्रुपवर नव्हती.

आणि मग मे महिन्यात वीज कंपनीचा निरोप आला. पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीसाठी गुरुवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरवठा बंद. प्रतापनगरच्या लग्नाचे आम्रखंड गुरुवारी संध्याकाळीच पोचवायचे होते. दोघी जावांनी ते बुधवारी घोटून, डब्यांत भरून, फ्रीजरमध्ये लावले होते. जागा पुरेना म्हणून विजयमालाबाईंनी उंच डबे घेतले आणि राजेश्वरीबाईंनी घोटलेले उरल्यासुरल्या बुटक्या डब्यांत गेले.

"अहो, उद्याच्या दिवस तरी त्या चादरी काढा," विजयमालाबाईंनी विनवले.

पिलाजीराव म्हणाले की त्यांची वैयक्तिक काहीच हरकत नाही, पण असा बदल बैठकीशिवाय करता येणार नाही, आणि बैठक आबासाहेबांना सोयीचा दिवस बघून रविवारी ठेवता येईल.

गुरुवारी लाइट गेली आणि अर्ध्या तासात आबासाहेब हजर झाले. लहरीपुऱ्यातही लाइट नव्हती. पण अकोट्यात आपले स्वतःचे पॅनेल आहे, तेव्हा तिथला वारा खायला जायचा आपल्याला हक्क आहे, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. ते दिवाणखान्यात बसले. एसी लागला. वडील माणूस घामाघूम बसलेले असताना एसी बंद करा, असे म्हणण्याची जगदाळ्यांत पद्धत नव्हती; कमी करा, असे म्हणण्याचीही नव्हती. बॅटरी एकीकडे फ्रीजर ओढत होती आणि एकीकडे आबासाहेब.

दुपारी बॅटरी तळाला लागल्याचे विजयमालाबाईंनी पाहिले. उन्मेषने एक गोष्ट त्यांना नीट सांगून ठेवली होती. बॅटरी पार संपली तर पॅनेलांना इशारा द्यायलाच कोणी उरत नाही. मग वर कितीही ऊन तापो, बाहेरची लाइट येईपर्यंत सगळे ठप्प. त्यांनी कोणाला विचारले नाही. जिना चढून गच्चीवर गेल्या, कुंडी उतरवली आणि एकेक चादर ओढून काढली. पायाला चटके बसत होते. काळी तुकतुकीत पॅनेले उघडी पडली, त्यांच्यावर मे महिन्याचे बडोद्याचे ऊन, आणि विजयमालाबाईंच्या हातात फोन.

आकडा हलला नाही.

त्यांनी वाट पाहिली. पुन्हा पाहिली. शेवटी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड होती.

"बेन, तमारी सिस्टम बराबर छे," ती म्हणाली. मग विजयमालाबाईंचे मराठी वळणाचे गुजराती ऐकून हिंदीवर आली आणि समजावून सांगू लागली. यंत्रणा हुशार आहे. ती घराचे वळण शिकते. तुमचे छत किती देते हे तिने महिनोन्‌महिने पाहून ठरवले आहे. आज अचानक त्याच्या कितीतरी पट वीज यायला लागली, म्हणजे नक्की काहीतरी बिघाड. म्हणून तिने तुमच्या सुरक्षिततेसाठी उत्पादन रोजच्या पातळीवर आणून ठेवले आहे. काळजी नसावी.

"बिघाड कालपर्यंत होता," विजयमालाबाई म्हणाल्या. "आज दुरुस्त झालंय."

"पण रेकॉर्डवर कालपर्यंत सगळं ठीक आहे, मॅडम. बिघाड आजचाच दिसतो."

"वर ऊन आहे, बाई. मी उन्हात उभी आहे."

"ऊन आमच्याकडे दिसत नाही, मॅडम. तुमच्या छताची क्षमता दिसते, आणि ती इतकीच आहे."

मर्यादा उठवायला काय करावे लागेल, असे विचारल्यावर मुलीने सांगितले की अगदी सोपे आहे. मालकाच्या फोनवर एक प्रश्न येईल, त्याला मालकांनी 'होय' म्हणायचे. मालक म्हणून नाव श्री. धनाजीराव जगदाळे असे आहे. ते होतेच. कुठल्याही गोष्टीत सगळ्यांत वर दुसऱ्या कोणाचे नाव घालणे पिलाजीरावांना शक्य नव्हते.

विजयमालाबाई खाली आल्या. फ्रीजर अजून गुरगुरत होता, पण बॅटरीचा दिवा लुकलुकायला लागला होता. दिवाणखान्यात आबासाहेब सोफ्यावर मांडी घालून, अंगावर शाल घेऊन बसले होते, कारण एसीने त्यांना थंडी वाजत होती. पिलाजीराव शेजारी अदबीने कुडकुडत होते. आबासाहेबांच्या फोनवर प्रश्न येऊन पडला होता. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला: "सर्व पॅनेलना पूर्ण क्षमतेने चालू द्यायचे का?"

"पूर्ण क्षमतेने चालले तर दिग्विजय कुठे जातील?" त्यांनी विचारले.

पिलाजीरावांनी खाली मान घालून सांगितले की बरेच पुढे जातील.

"मग माझा अंगठा कशाला हवाय त्याला?" आबासाहेब म्हणाले आणि फोन पालथा घातला. आम्रखंडाची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने सांगितले की आम्रखंड काय, पुन्हा करता येते. रीत एकदा नासली की पुन्हा लागत नाही.

पिलाजीरावांनी पत्नीकडे पाहिले ते आपण दोघांनी मिळून हे सोसायचे आहे, अशा नजरेने. विजयमालाबाईंनी त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. त्यात अ‍ॅप उघडे होते. नावे बदलायची कशी, हे त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरून पाहून ठेवले होते. त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि एकेक नाव पुसून नवे लिहीत गेल्या. मग फोन आबासाहेबांसमोर धरला.

"आबासाहेब, दिग्विजय कोण?" त्या म्हणाल्या. "गच्चीवर तर दुसरं कुणीच नाही. सगळे तुम्हीच आहात."

आबासाहेबांनी चष्मा पुन्हा लावला. वरपासून खालपर्यंत धनाजीराव. निशाणापाशी धनाजीराव, मधे धनाजीराव, कठड्यापाशी धनाजीराव. त्यांनी एकेक नाव बोटाने मोजले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळल्यासारखे झाले.

"हे आधीच सुचायला हवं होतं कुणाला तरी," ते म्हणाले आणि त्यांनी अंगठा टेकवला.

मिनिट-दोन मिनिटे काहीच झाले नाही. उन्मेष म्हणाला होता की ही पॅनेले इशारा मिळाल्यावरही जरा चाचपून बघतात, मगच उठतात. मग एक धनाजीराव उठला. त्याच्या मागोमाग दुसरा. कठड्यावरचा तर असा उठला की बॅटरीचा लुकलुकता दिवा स्थिर झाला आणि हळूहळू वर सरकू लागला. फ्रीजरचा आवाज भरघोस झाला. विजयमालाबाईंनी झाकण उघडून बोट लावून पाहिले. आम्रखंड दगड होते.

संध्याकाळी डबे प्रतापनगरला गेले. मांडवात पंगती उठल्या त्या डबे चाटूनपुसूनच, असा निरोप आला. विजयमालाबाई त्या रात्री कित्येक महिन्यांनी निवांत झोपल्या.

बाकीचे झोपले नाहीत. सूर्यास्ताला ग्रुपवर आले होते: धनाजीराव प्रथम, धनाजीराव द्वितीय, धनाजीराव तृतीय, असे करत करत सगळ्यांत खाली, लाल रंगात, "धनाजीराव – अपेक्षेपेक्षा कमी. तपासणी आवश्यक." आपले नाव गेले म्हणून मानसिंगराव, डॉक्टर आणि दिग्विजय तिघेही रुसले होते, पण वडीलधाऱ्यांसाठी गेले म्हटल्यावर कोणी उघड बोलेना. फोन आला तो खुद्द आबासाहेबांचा, सकाळी, पिलाजीरावांची पूजा आटपायच्या आत. विजयमालाबाईंना शेजारच्या खोलीतूनही स्पष्ट ऐकू येत होते.

"निशाणापाशी बसलाय तो मी," आबासाहेब म्हणत होते. "ते मला मान्य. मग कठड्यावरचा हा कोण शहाणा लागून गेलाय?"

पिलाजीरावांनी चाचरत सांगितले की तोही आपणच.

"असेल. पण तो पुढे कसा?"

प्रश्न रास्त होता. जावई पुढे गेला तर माणूस एक वेळ सोसतो, कारण तो परक्याच्या घरचा. पण आपणच आपल्या पुढे जाणे, आणि तेही रोज, सगळ्या ग्रुपसमोर, हे कोणाही मानी माणसाला झेपण्यासारखे नव्हते. अधीक्षकपदाचा सारा अनुभव पणाला लावून त्यांनी तोडगा काढला. धनाजीरावांमध्येही ज्येष्ठता असावी. निशाणापाशचे ते मूळ धनाजीराव, बाकीचे नंतरचे. आणि नंतरच्यांनी मूळ धनाजीरावांपेक्षा अधिक उत्पादन करू नये. आबासाहेबांना हे पटले. पिलाजीराव चहाचा कप आणि चादरींचा गठ्ठा घेऊन गच्चीवर गेले.

"मग मी पुढची ऑर्डर घेऊ का नको?" विजयमालाबाईंनी जिन्याच्या तोंडाशी उभे राहून विचारले.

"घ्या की," वरून उत्तर आले. "फक्त थंडीतली घ्या."

आम्रखंड थंडीत कोण खाते, हे त्यांनी विचारले नाही. त्या स्वयंपाकघरात येऊन राजेश्वरीबाईंसमोर मनसोक्त हसल्या. या घरातल्या पुरुषांना काय म्हणावे, असे म्हणाल्या. एक माणूस चांगले काम करतो तर करू द्यावे की, त्यात ह्यांचे काय जाते, असेही म्हणाल्या. राजेश्वरीबाई वेलची सोलता सोलता नुसत्या हसल्या. त्या धाकट्या पातीच्या.

तेवढ्यात प्रतापनगरहून नवरीच्या आईचा फोन आला. तिने तोंडभरून स्तुती केली. आम्रखंड सगळ्यांनाच आवडले, पण त्यातही बुटक्या डब्यांतले जे होते ना, त्याला तोड नव्हती. वऱ्हाडी मागून मागून तेच घेत होते. पुढच्या महिन्यात पुतण्याचे लग्न आहे, तेव्हा सगळे त्याच हातचे पाठवा, असे ती म्हणाली.

विजयमालाबाईंनी आभार मानून फोन ठेवला. वाटीतली वेलची चिमटीत धरून उगाच हुंगली.

"काय म्हणत होत्या?" राजेश्वरीबाईंनी विचारले.

"आवडलं म्हणाल्या. सगळंच," विजयमालाबाई म्हणाल्या. "राजेश्वरी, मी काय म्हणते, पुढच्या वेळेपासून घोटायचं मी बघते. तुझा हात दुखतो. तू आपली झाकणं लावत जा."

राजेश्वरीबाईंचा हात दुखत नव्हता. पण वहिनींनी म्हटल्यावर तो जरासा दुखायला लागला.

बडोद्यात सध्या कडक ऊन आहे. अकोट्याकडून पुलावर आलात तर दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर चादरी पसरलेल्या दिसतील, आणि तुम्हाला वाटेल की लोकांनी धुणे वाळत घातले आहे. काहींनी घातलेही असेल. पण त्यातल्या सगळ्याच चादरी ओल्या नसतात. घरी गेल्यावर आपल्या गच्चीवरची एकदा हात लावून पाहा. आणि कोरडी निघाली तर खाली कोण आहे ते बघायला ती उचलू नका. अंथरली कोणी, हे तुम्हाला माहीत आहे.